कमरेएवढा ओटा

किश्श्यांचं धुण्याच्या कपड्यांसारखंच असतं. सोमवारी टोपलीत दोन रुमाल आणि एक बनियन असते, एवढ्यासाठी कोण बसतं म्हणून आपण सोडून देतो. शनिवारी त्याच टोपलीचं झाकण बसत नाही. आमच्या घरी दिवाळीनंतर कपडे धुण्याची खोली बांधायचं ठरलं आणि तेव्हापासून माझ्याकडे इतके किस्से साठले, की ऑफिसात डबा उघडला की मैत्रिणी भाजी काय आणली हे विचारतच नाहीत. "सुनंदाताई, खोलीचं काय झालं?" हेच विचारतात. म्हणून म्हटलं, आज सगळे एकदाचे बाहेर काढू. तुम्हाला हसायचं तर हसा. मी हसत नाहीये, हे आधीच सांगते.

पहिले माझी मागणी ऐका, कारण आमच्या घरी ती कोणी धड ऐकलेली नाही. घराच्या मागे टिनाचं एक शेड आहे. खाली फरशी, गुडघ्याएवढ्या उंचीवर नळ आणि नळाखाली एक मोठा काळा दगड. त्या दगडापाशी वाकून किंवा उकिडवं बसून कपडे धुवायचे. मशीन आहे, नाही असं नाही. ती व्हरांड्यात उभी असते आणि तिचा पाइप खिडकीतून बाहेर सोडलेला असतो. पण कॉलरी, चादरी, गोधड्या, सासूबाईंची सुती लुगडी हे सगळं आजही हातानंच होतं. उन्हाळ्यात त्या टिनाखाली काय होतं ते नागपुरात राहणाऱ्याला सांगायला नको. कपड्यांसाठी लावलेल्या बायका एप्रिल लागला की सोडून जात. मी त्यांना कधी दोष दिला नाही.

मागच्या वर्षी माझ्या कमरेनं जवाब दिला. डॉक्टरांनी फोटो काढला, दोन मणक्यांच्या मधे बोट ठेवलं आणि म्हणाले, "मॅडम, वाकणं बंद. नाही ऐकलं तर मग ऑपरेशनचं बोलू." म्हणून मी घरी एवढंच मागितलं. कमरेएवढ्या उंचीचा एक ओटा, त्यावर नळ, बाजूला मशीन आणि वारा यायला एक खिडकी. उभ्यानं कपडे धुता आले पाहिजेत. यापलीकडे मला काही नको होतं.

आता पुढचं ऐका.

*

माझे यजमान, म्हणजे गजभिये साहेब, हिंगण्याच्या कारखान्यातून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. कारखाना सुटला, पण मीटिंग काही सुटली नाही. घरात गॅसचं सिलिंडर संपलं तरी ते आधी मीटिंग घेतात.

खोलीचं ठरल्यावर त्यांनी रविवारी बैठकीच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे किती? एक माझे दीर, प्रकाश भाऊजी. त्यांचं वाडीला ट्रान्सपोर्टचं गोडाऊन आहे. लग्न केलं नाही, एकटेच राहतात. रविवारी जेवायला आमच्याकडे येतात आणि येताना आठवड्याचे कपडे पिशवीत भरून आणतात. दुसरा आमचा मुलगा निखिल. तो पुण्याला कंपनीत आहे, म्हणून त्याला फोनवर घेऊन फोन फुलदाणीला टेकवून ठेवला होता. तिसऱ्या सासूबाई. त्या कोपऱ्यात अंबाडीची भाजी निवडत बसल्या होत्या. सासूबाई कमरेतून पार वाकलेल्या आहेत, चालताना त्यांना समोरच्या माणसाचे पाय आधी दिसतात. सगळे म्हणतात वय झालं. त्यांना ऐकू कमी येतं असंही घरात ठरलेलं आहे. कोणी तपासून पाहिलेलं नाही.

साहेब मला म्हणाले, "तू चहा ठेव. सगळ्यायचं मत घेऊनच पुढं जाऊ आपण."

मी चहा ठेवायला गेले. आलं किसलं, दूध उतू जाऊ नये म्हणून तिथेच उभी राहिले. ट्रे घेऊन बाहेर आले तर भाऊजी टाळ्या वाजवत होते आणि निखिल फोनमधून अंगठा दाखवत होता.

"झालं," साहेब म्हणाले. "प्लॅन पास झाला."

"कोणाचं मत घेतलं?"

"सगळ्यायचं घेतलं."

"मायं?"

त्यांनी कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "तू तं घरातच होती न वं."

ओट्याचं विचारलं तर म्हणे, तो मुद्दा पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. मी ट्रे तिथेच ठेवून आत गेले. त्या दिवशी दुसरा चहा कोणाला मिळाला नाही.

*

साहेबांना कागदावरचा नकाशा पटत नाही. कारखान्यात म्हणे मशीन बसवायच्या आधी जमिनीवर खऱ्या मापाचं चित्र काढत. म्हणून त्यांनी मागच्या अंगणात, शेडची जागा धरून, खडूनं अख्खी खोली काढली. भिंती, दार, खिडकी, मशीन, सगळं. काम नीटनेटकं होतं, ते मी कबूल करते. मशीनचं माप त्यांनी स्वतः टेप लावून, भाऊजींना दुसरं टोक धरायला लावून घेतलं होतं.

मला बोलावलं आणि म्हणाले, "आता तू अंदर उभी राय. समज, खोली झाली."

मी खडूच्या दारातून आत गेले. खडूच्या मशीनपुढे उभी राहिले. आमची मशीन पुढून दार उघडणारी आहे. मी हवेतच तिचं दार उघडलं आणि मागे सरले, तर सरळ खडूची भिंत ओलांडून बाहेर गेले.

"दार उघडायले जागाच नाही ठेवली तुम्ही," मी म्हटलं. "मशीन मोजताना दार उघडलं होतं का?"

"मशीन बंद असतानाच मोजा लागते. तो सेफ्टीचा नियम आहे."

"मंग कपडे कुठून टाकू अंदर?"

साहेबांनी टेप गुंडाळली. थोडा विचार केला. मला वाटलं आता खडू पुसतील. ते म्हणाले, "अवं, दार दिवसभरातून किती वेळ उघडं राहते? बाकीचा वेळ तं बंदच असते न."

ज्या माणसानं आयुष्यात एकदाही मशीनचं दार उघडलेलं नाही त्याला ते कायम बंदच दिसणार, यात नवल नाही. राग मला त्याचा नाही. राग याचा, की हे ऐकून भाऊजींनी मान डोलावली.

*

भाऊजींची खरी काळजी वेगळी होती. त्यांनी खडूच्या खोलीला एक चक्कर मारली, खिडकीपाशी थांबले आणि विचारलं, "दादा, कूलर कुठं जाईन?"

आता नागपूरच्या बाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. पण इथे कूलर म्हणजे घरातलं माणूस असतं. मार्च लागला की त्याच्या वाळ्याच्या ताट्या बदला, पंप बदला, जाळीला रंग द्या, रोज पाणी भरा. आणि पाऊस आला की तोच कूलर नको असलेल्या पाहुण्यासारखा होतो. कोणाच्या खोलीत ठेवायचा यावरून घरोघरी भांडणं होतात. आमचा कूलर तर लोखंडी आणि एवढा मोठा आहे की त्याला दारातून काढताना दाराच्या चौकटीचा रंग दरवर्षी जातो.

साहेबांनी लगेच खडू घेतला आणि खिडकीला लागून एक मोठा चौकोन काढला. मधे लिहिलं, कूलर.

"खिडकीपाशी काहून?" मी विचारलं.

"हवा लागली पायजे. नाई तं गंज पकडते."

मग इन्व्हर्टर आठवला. त्याची बॅटरी तापते म्हणून तिला दाराजवळची मोकळी जागा मिळाली. मग भाऊजी म्हणाले, गोडाऊनमधले थोडे डबे आहेत, पार्टीनं माल परत केला आहे, थोडेच दिवस ठेवा लागतीन. त्यांनी स्वतःच खाली बसून आपला चौकोन काढला. भाऊजींचे "थोडे दिवस" मला माहीत आहेत. त्यांनी थोड्या दिवसांसाठी ठेवलेला टायर आमच्या गच्चीवर आहे आणि त्यात आता तुळस लावलेली आहे.

मी त्या सगळ्या चौकोनांच्या मधे एका पायावर उभी होते. खरंच एका पायावर, कारण दुसरा पाय ठेवायचा तर तो बॅटरीत जात होता.

"आन मी कुठं उभी राहू?"

भाऊजींनी अगदी मायेनं सांगितलं, "वहिनी, तुमचं काय, तुम्ही तं चालत्याफिरत्या आहात. कूलर थोडीच सरकते."

व्हरांड्यात बसलेल्या सासूबाईंनी तेव्हा वर पाहिलं होतं, हे मला नीट आठवतं. मग पुन्हा लसूण सोलायला लागल्या.

*

निखिलनं त्या खोलीचं नाव लॉन्ड्री रूम ठेवलं. रोज तो मला परदेशातल्या खोल्यांचे फोटो पाठवायचा. पांढऱ्या भिंती, वेताच्या टोपल्या, काचेच्या बरणीत साबण आणि कोपऱ्यात झाड. त्या फोटोंत कुठेही एकसुद्धा मळका कपडा नव्हता. मी त्याला व्हिडिओ कॉलवर विचारलं, "यायच्या घरी कपडे मळत नाही का रे?"

"मम्मी, तू व्हाइब पहा न," तो म्हणाला. "आणि ते ओट्याचं सोड. अगदी जुन्या टाइपचं दिसते. आजकाल हातानं कोण धुते?"

"तुया शर्टाची कॉलर कोण घासते मंग?"

"मशीन."

त्याच्या तोंडावर जराही थट्टा नव्हती. दिवाळीला येताना तो एक बॅग भरून कपडे घेऊन येतो आणि जाताना त्याच बॅगेत इस्त्रीच्या घड्या नेतो. मधे काय घडतं यावर त्यानं कधी विचारच केलेला नाही. मी काही बोलणार तेवढ्यात तोच पुढे बोलायला लागला.

"खरंच मम्मी, आपली मशीन भारी आहे. इथं फ्लॅटवर आम्ही एवढी महागाची घेतली, पण कॉलरचा मळ निघतच नाही. तू मला आपल्या मशीनचं मॉडेल पाठव न. मी सगळ्यांना सांगितलं आहे की नागपूरची मशीन वेगळीच आहे."

मी फोन ठेवून दिला. त्याला वाटलं नेटवर्क गेलं.

*

मग ठेकेदार आला. माणूस कामाला बरा होता, पण त्याला दिशांचं फार. पहिल्याच दिवशी अंगणात उभा राहून म्हणाला, "साहब, मशीन इधर नहीं चलेगी. वायव्य में चाहिए. नहीं तो घर में क्लेश होता है."

क्लेश तर खडूच्या दिवसापासूनच सुरू होता. पण मी गप्प राहिले, कारण मला आमच्या साहेबांवर भरवसा होता. आमच्या आजेसासऱ्यांनी याच नागपुरात बाबासाहेबांसोबत दीक्षा घेतली. त्या घरातले हे. दर बुद्ध पौर्णिमेला विहारात उभे राहून साहेब भाषण करतात, की कोणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा. भाषण चांगलं असतं, मी दरवर्षी पहिल्या रांगेत बसते. आता हे ठेकेदाराला धुऊन काढतील, मी म्हटलं.

थोड्या वेळानं खिडकीतून पाहिलं तर साहेब फोनमधलं होकायंत्र हातात धरून अंगणात गोल फिरत होते. संध्याकाळपर्यंत मशीनचा चौकोन पुसला गेला आणि तिसऱ्याच भिंतीला नवा निघाला.

"तुम्ही हे मानता?" मी विचारलं.

"मी अजिबात नाही मानत."

"मंग मशीन काहून हलवली?"

"मी नाही मानत वं, पण ठेकेदार मानते न. त्याचं मन नाही राखा लागत का? काम त्याच्याकडून करून घ्याचं आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. या घरात कूलरच्या तब्येतीचा विचार होतो, बॅटरीला उकडू नये म्हणून जपतात आणि ठेकेदाराचं मनही राखतात. मी सरळ बाहेर गेले आणि ठेकेदाराला विचारलं, "भैया, मशीन तो वायव्य में रख दी. मेरी कमर किस दिशा में रखूँ?"

ठेकेदारानं डोळे मिटले. बोटांवर काहीतरी मोजलं. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "भाभीजी, उत्तर छोडके कहीं भी रख लो."

मागे साहेब उभे होते. त्यांनी होकायंत्र पाहिलं आणि मला हाताला धरून थोडं उजवीकडे सरकवलं.

शेवटी त्या भिंतीकडून नालीला उतारच मिळेना, म्हणून मशीन मुकाट्यानं जुन्या जागी आली. नालीचं सगळ्यांनी लगेच ऐकलं.

*

टाइल घ्यायला आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं खुर्ची साहेबांना दिली, पाणी साहेबांना दिलं आणि टाइल दाखवताना पाहिलं माझ्याकडे, पण "लेडीजची खोली आहे तर गुलाबी घ्या" हे सांगितलं साहेबांना.

मला खरबरीत टाइल पाहिजे होती, पाय न घसरणारी. साहेबांना चकचकीत आवडली, कारण तिच्यात त्यांचा चेहरा दिसत होता. मी दुकानदाराला म्हटलं, एक नमुना खाली ठेवा. त्यानं ठेवला. मी माझ्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं आणि म्हटलं, आता राहा उभे.

दुकानदार काही पुढे आला नाही. साहेब मात्र चप्पल काढून रुबाबात पुढे गेले. पुढच्या क्षणी ते सिमेंटच्या पोत्यावर बसलेले होते. लागलं नाही, पण पाण्याचा ग्लास सांडला.

मी हात दिला. त्यांनी पँट झटकली आणि म्हणाले, "टाइलमध्ये खराबी नाही. तू त्याच्यावर पाणी टाकलं न."

"धुण्याच्या खोलीत पाणी टाकाचं नाही का?"

"सांभाळून टाकाचं."

खरबरीत टाइल मी माझ्या पगारातून घेतली. पावती माझ्या पर्समध्ये ठेवली.

*

आता शेवटचं सांगते. हे अजून ऑफिसात कोणाला सांगितलेलं नाही.

भिंती उठल्या. कूलरला खिडकी मिळाली ती मिळालीच, पण मी भांडून दुसरी एक खिडकी काढून घेतली. भाऊजींचे डबे आले नाहीत, कारण मी फाटकाला कुलूप लावून ऑफिसला जात होते. शेवटी कसाबसा कबूल झालेला ओटा नळाखाली यायचा होता, म्हणजे जिथे तो काळा दगड होता तिथेच. ठेकेदार म्हणाला, "साहब, ये पत्थर निकालना पडेगा."

साहेबांनी हात वर केला. सगळे थांबले.

"हा दगड नाही आहे," साहेब म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "हे माया आईचे कष्ट आहेत."

भाऊजी पुढे आले, दगडावर हात फिरवायला लागले. म्हणाले, "दादा, याच दगडावर बसून आपण आंघोळ करत होतो. आई इथंच धूत राहायची, हिवाळा नाही, उन्हाळा नाही." फोनमधून निखिल म्हणाला की हे तर हेरिटेज आहे, हलवायचा नाही, उलट वरून लाइट सोडा, घराची आयडेंटिटी होईल. सगळ्यांचं पटापट ठरलं. दगड तिथेच राहणार. त्याच्या चारी बाजूंनी टाइलची पट्टी आणि वर एक छोटा पिवळा दिवा.

"आन ओटा?" मी विचारलं.

"ओट्याचं मंग पाहू," साहेब म्हणाले. "सध्या तू स्टूल घेऊन बसत जाजो."

"एकदा आईले तं विचारा."

"आईले काय विचारायचं आहे? तिचाच तं मान होऊन राहिला."

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःखानं नाही, रागानं. एवढ्या दिवसांत मी मशीन सोडली, दार सोडलं, अर्धी खोली कूलरला सोडली, ती फक्त एका ओट्यासाठी. आणि तो ओटा एका दगडाच्या आठवणीत गेला. मी रोज त्याच दगडावर वाकत होते, ती माझी आठवण अजून व्हायची होती म्हणून कोणाला दिसत नव्हती.

रविवारी छोटासा कार्यक्रम ठेवला. ठेकेदार, त्याचा मिस्त्री आणि माणसं होती, भाऊजी नवा शर्ट घालून आले होते, निखिल त्यांच्या हातातल्या फोनवर होता. कार्यक्रमाआधी दगड स्वच्छ धुऊन ठेवायला मला सांगितलं. मी तो वाकून धुतला.

मग त्याला झेंडूची माळ घातली. पिवळा दिवा लावला. सासूबाईंना खुर्चीवर आणून बसवलं. साहेबांनी भाषण केलं, की ज्या दगडावर आईनं हात झिजवले त्या दगडामुळे आज आम्ही उभे आहोत. भाऊजींनी डोळे पुसले. ठेकेदारानंही टोपी काढली.

"आई," साहेब जोरात म्हणाले, कारण त्यांना ऐकू कमी येतं असं ठरलेलं आहे, "दोन शब्द बोल."

सासूबाई दगडाकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "माळ काहून घातली रे याले?"

"तुयी आठवण आहे आई."

"मायी आठवण?"

"हो न."

"मी तं जित्ती हाये."

 सासूबाई खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. भाऊजी आधार द्यायला पुढे झाले, त्यांना त्यांनी बाजूला सारलं. वाकलेल्या तशाच चालत त्या माझ्यापाशी आल्या. मला वाटलं त्यांना पाणी हवं आहे. त्यांनी हात वर उचलला, वाकलेल्या माणसाला तेवढा उचलायलाही जोर लागतो, आणि माझ्या कमरेला तळवा टेकवला. तळवा खरबरीत होता.

"ये गा मिस्त्री," त्या म्हणाल्या. "पाह्य इकडं. ओटा इथवर पायजे. हिची कंबर इथं हाये. एक बोट खाली नोको."

मिस्त्रीनं कानामागची पेन्सिल काढली. माझ्या कमरेपाशी टेप धरली, मग भिंतीवर त्याच उंचीची रेघ मारली. सासूबाईंनी रेघ होईपर्यंत हात काढला नाही. मी वर छताकडे पाहत उभी राहिले, कारण खाली पाहिलं असतं तर सगळ्यांसमोर रडले असते.

"और ये पत्थर, माताजी?" ठेकेदारानं विचारलं.

"उचला."

"आई," साहेब म्हणाले, "असा कसा फेकाचा? आमचं मन नाही लागत."

"फेका कोण म्हणते?" सासूबाई म्हणाल्या. "बैठकीत ठेवा. तुले मायी आठवण येते न? तू तं दिवसभर तिथंच बसून राह्यतं."

ठेकेदाराच्या चार माणसांनी दगड उचलला. पाणी गळत होतं, माळ तशीच होती. व्हरांड्यातून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून त्यांनी तो बैठकीच्या दारापर्यंत आणला आणि तिथे थांबले. आत सोफा, साहेबांची खुर्ची आणि समोर टीव्ही, दगड ठेवायला जागाच नव्हती. चौघंही भार पेलत साहेबांकडे पाहत होते.

मागून सासूबाई हळूहळू येत होत्या. दारापाशी पोचल्या, दम घेतला आणि म्हणाल्या, "प्रकाश, टीव्ही सरकव."

भाऊजींनी निखिलला खिशात टाकलं आणि टीव्ही सरकवला.